म्हातारबा बोलला नव्हता

माझ्या नवऱ्याला माझं सगळं ठाऊक आहे — हे सोडून. आईला सांगेन, सांगेन म्हणत राहिले आणि आई गेली. सारा जन्म वर्गात उभं राहून बोलण्यात गेला, पण ही एक गोष्ट ओठांशी आली की मी विषय बदलायची. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

कुठून सुरू करू? माणसापासून की पुस्तकापासून? पुस्तकापासून करते. पुस्तकाबद्दल बोलणं मला नेहमीच सोपं गेलं — तिथंच तर सगळं बिघडलं.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मी नाशिकला बी.ए. करत होते, इंग्रजी विषय घेऊन. आमची वसाहत तेव्हा अगदी गावाच्या कडेला होती. बौद्धांची घरं, मधोमध पत्र्याचं विहार, सकाळी नळावर भांडणं. वडील कारखान्यात कामाला. वसाहतीत इंग्रजी घेऊन शिकणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे औषधाच्या बाटलीपासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत काहीही इंग्रजी हाती आलं की लोक ते घेऊन आमच्या दारात यायचे. शालूला विचारा, म्हणायचे. मी वाचून सांगायची, आणि मी सांगेन ते खरं. पडताळून कोण पाहणार होतं?

मेनरोडच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ती कादंबरी सापडली. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची, एका बाईनं लिहिलेली, जगभर गाजलेली. तुम्ही ओळखली असेल. मी तिचं नाव घेत नाही — घ्यायचा हक्क मी गमावून बसले आहे, असं मला खरंच वाटतं. माझा भाऊ अशोक आणि त्याचे मित्र तेव्हा चळवळीत होते. तिकडच्या काळ्या लोकांचं काय चाललंय, याचं त्यांना भारी कुतूहल. अशोक म्हणाला, तू एकटी काय वाचतेस? विहारात वाच, सगळ्यांना कळू दे. म्हणजे डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडानं मराठीत सांगायचं. मला काय — अंगावर मूठभर मांस चढलं.

मग दर रविवारी दुपारी वाचन सुरू झालं. बायका गहू निवडायला ताटं घेऊन यायच्या. पोरं भिंतीला टेकून बसायची. आणि दाराशी, चपला असतात तिथं, किसननाना बसायचे.

नानांबद्दल सांगायला हवं. वय साठीच्या जवळ, काटक, डोक्याला पांढरी टोपी. वसाहतीत ते लेकीकडे राहायचे. तरुणपणी पिंपळगाव बसवंतकडच्या एका बड्या बागाईतदाराकडे ते सालगडी होते — म्हणजे वर्षाच्या बोलीवर मळ्यात राबणारा गडी. पुढे त्या बागाईतदारानं मुलांच्या शिक्षणासाठी गंगापूर रोडला बंगला बांधला आणि नानांना तिथं रखवालीला, बागेला पाणी घालायला आणलं. बंगल्यातले लहान-थोर त्यांना ‘किसन्या’ म्हणत. नाना त्यांना ‘मालक’ म्हणत. घरी बसल्यावरसुद्धा. मालक घरात नसतानासुद्धा. आम्हा पोरांना ते ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

कादंबरीतला मुख्य माणूस एक गुलाम आहे. सज्जन, ताकदवान, देवभोळा, शब्दाला जागणारा. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून बायकांनी त्याला ‘म्हातारबा’ करून टाकलं. पुस्तकात तो काही तितका म्हातारा नाही, पण एकदा नाव पडलं ते पडलं. आणि या म्हातारबावर सगळ्यांत जास्त जीव कुणाचा जडला? नानांचा.

काय काय विचारायचे! तिकडं थंडीत गुलामाला पांघरूण देतात का. त्याची बायको कोणाच्या घरी कामाला. विकताना तिला विचारलं होतं का. कापूस वेचायचा म्हणजे आपल्यासारखाच, बोटं फुटतात तसाच? पहिल्या मालकावर कर्ज झालं, त्यानं म्हातारबाला विकायला काढलं, त्याच घरातली एक तरुण आई आपलं मूल उराशी धरून पळाली, बर्फाच्या तुकड्यांवरून उड्या मारत नदी पार झाली. हे मी सांगितलं तेव्हा बायकांचे हात ताटातच थांबले. नाना मात्र वेगळंच विचारत होते. तिनं पळताना म्हातारबाला सांगितलं होतं ना, मग तो का नाही पळाला?

मी म्हणाले, तो गेला असता तर बाकीचे सगळे विकले गेले असते. आणि मालकाचा विश्वास मोडायचा नाही, असंही त्याच्या मनात होतं.

पोरं फसकन हसली आणि सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मी एका मासिकात वाचलं होतं, की तिकडचे काळे तरुण आता या म्हातारबाचं नाव शिवीसारखं वापरतात. गोऱ्यांपुढे वाकणारा, लाळघोट्या, अशा अर्थानं. हे मी अशोकच्या मित्रांना सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून पोरं नानांना म्हातारबा म्हणायला लागली. नानांना काय वाटलं? ते खूश झाले! त्यांना वाटलं, पोरं आपल्याला त्या भल्या माणसाच्या पंगतीत बसवतायत. मी त्यांना खरा अर्थ सांगितला नाही. पण कबुली द्यायची ती याची नव्हे. खऱ्या कबुलीकडे यायला अजून धीर होत नाही, म्हणून ही छोटी पापं आधी सांगते आहे.

मग ती कपाची गोष्ट झाली. अशोकला कळलं, की बंगल्यावर नानांचा चहाचा कप वेगळा आहे. कान तुटलेला, मागच्या अंगणातल्या कोनाड्यात ठेवलेला, नानांनीच प्यायचा आणि नानांनीच विसळायचा. अशोक पेटला. मोर्चा काढायचा, पेपरात द्यायचं, बंगल्यापुढे नानांनी उभं राहून नुसतं ‘होय, असा कप आहे’ एवढं म्हणायचं. सगळे नानांच्या घरी गेले. मीही गेले. नानांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाले, “मी नाय बोलणार. त्यांनी मला सांभाळलंय.”

अशोकनं हात जोडले, मग ओरडला. नाना खाली बघत राहिले. मोर्चा निघालाच नाही. त्या संध्याकाळी माझ्या मनात नानांबद्दल जे आलं ते लिहायला आज हात धजत नाही. असल्या माणसांमुळेच आपण असे राहिलो — हे त्यातलं सौम्यातलं सौम्य वाक्य.

आणि नेमका पुढच्या रविवारी पुस्तकाचा शेवट होता.

शेवट मी घरी आधीच वाचून ठेवला होता. म्हातारबा आता एका क्रूर मालकाच्या तावडीत आहे. मालक म्हणतो, या बाईला चाबकानं मार. म्हातारबा म्हणतो, मारणार नाही. पुढे दोन गुलाम बायका पळून जाऊन लपतात. कुठे लपल्यात ते म्हातारबाला ठाऊक आहे, आणि त्याला ठाऊक आहे हे मालकाला ठाऊक आहे. मालक त्याला मार मार मारतो. तो सांगत नाही. शेवटपर्यंत सांगत नाही. त्यातच तो मरतो, आणि मारणाऱ्यांना माफ करून मरतो. बायका सुटतात.

हे वाचून मी रडले होते. आणि रडल्याचा मला भयंकर राग आला होता. माफ करून मरतो? हे मी विहारात वाचायचं? म्हणजे बायका डोळे पुसणार, किती देवमाणूस म्हणणार, आणि नाना टोपी सारखी करून, भरल्या मनानं, उद्या पुन्हा मालकाच्या बागेला पाणी घालायला जाणार. त्यांना तर शाबासकीच मिळाली असती. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

मी ठरवलं केव्हा? खूपदा आठवून पाहिलंय. घरून निघताना ठरवलं नव्हतं. पुस्तक उघडलं, दाराशी नाना दिसले — धुतलेला सदरा घालून आले होते, शेवट ऐकायचा म्हणून — आणि माझं तोंड आपोआप वेगळं बोलायला लागलं. आपोआप? नाही. हे असले शब्द मी आता वापरायचे नाहीत. मी बोलायला लागले.

बाईला मारायला म्हातारबा नाही म्हणाला, तिथपर्यंत मी पुस्तकातलंच सांगितलं. पुढे सांगितलं, की बायका लपल्यावर मालकानं चाबूक उचलला आणि पहिल्याच फटक्याला म्हातारबानं तोंड उघडलं. बायका कुठे लपल्यात ते सांगितलं. बायकांना ओढत आणलं. म्हातारबाला मालकानं बक्षीस म्हणून एक गरम कोट दिला, आणि तो कोट अंगात घालून तो पुष्कळ वर्षं जगला. त्याच्याशी कोणी बोलत नसे. संपलं.

डोळे पानावर ठेवून सांगितलं. मध्ये पानही उलटलं.

आई म्हणाली, असं कसं गं लिहिलं त्या बाईनं? अशोक म्हणाला, बरोबर लिहिलंय, असंच असतं. मी कुणाकडे बघत होते हे तुम्हाला कळलंच असेल.

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, “पहिल्याच फटक्याला?”

“हो नाना.”

“पुस्तकात तसंच हाय?”

“तसंच आहे.”

ते उठले, चपला शोधल्या आणि गेले. त्यानंतर त्यांनी विहारात वाचायला बसणं सोडलं. मला वाटलं, बरोब्बर लागलं. मला आनंद झाला होता. हे लिहिल्याशिवाय या कबुलीला काही अर्थ नाही, म्हणून लिहिते — मला आनंद झाला होता.

पुढं मी एम.ए. झाले, लग्न झालं, नाशिकमध्येच कॉलेजात शिकवायला लागले. मॅडम झाले. वसाहत सुटली. ती कादंबरी कपाटात होती, पण मी ती उघडत नसे. मुलांना इतर सगळं शिकवलं.

ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. मी सीबीएसला बसची वाट बघत होते. त्र्यंबककडच्या गाड्या लागतात तिथं बाकावर नाना दिसले. थकले होते, बंगल्यावरची नोकरी सुटली होती. मला टाळायचं होतं, पण त्यांनी हाक मारली — शालू, ये, बस. पिशवीतून दोन पेरू काढले, एक मला दिला. कुठं चाललात विचारलं तर म्हणाले, हरसूलला. बाजाराच्या दिवशी जातो, अधनंमधनं.

हरसूलला कोण आहे तुमचं?

आणि मग नानांनी मला ते सांगितलं. गाडी लागायला अर्धा तास होता, तेवढ्यात सांगितलं, जसं काही हवापाण्याचं सांगावं.

तरुणपणी पिंपळगावच्या त्या मळ्यात त्यांच्याबरोबर एक आदिवासी गडी होता, हरसूलकडचा. लहानू नाव. वयानं नानांपेक्षा लहान. साल संपायच्या आत तो पळाला, घरी आई आजारी होती म्हणून. मालक सोडत नव्हता. नानांनी त्याला कडब्याच्या गंजीत लपवलं, भाकरी नेऊन दिली. मालकाच्या माणसांना संशय आला. त्यांनी नानांना विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, बांधलं आणि मारलं. “लय मारलं,” नाना म्हणाले. “मी लय दम धरला. पण मग बोललो.”

लहानूला गंजीतून काढलं. पाय असा मोडला की पुढं नीट झालाच नाही. आई गेली, तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता.

मी म्हणाले, मग तरी तुम्ही त्याच मालकाकडे राहिलात?

“मग कुठं जाऊ? गावात कुनाला तोंड दाखवू? मालकाला माझं काय ते ठाव होतं. तिथं काय लपवायचं नव्हतं.”

मी पेरू हातात धरून बसले होते. मी काय काय समजत होते या माणसाला! पण नानांचं संपलं नव्हतं. ते म्हणाले, तुझे उपकार झाले बघ. मला जन्मभर वाटायचं, बोलणारा मी एकलाच. त्या रविवारी तू वाचलंस, एवढा चांगला माणूस, त्यो बी बोलला. मग मला जरा धीर आला. महिन्याच्या आत हरसूल गाठलं. लहानूला हुडकून काढलं. त्याच्यापुढं बसलो, आधी म्हातारबाची गोष्ट सांगितली, मग माझी. तवापासून जातो. तो काय जास्त बोलत नाय, पण भाकर वाढतो.

तुम्हाला कळतंय का, काय झालं होतं ते? ज्याला चिरडायला मी शेवट बदलला, तो माणूस त्याच शेवटाला धरून उभा राहिला होता. मला हसावं की रडावं कळेना. आणि तेवढ्यात नाना माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर तेच जुनं कुतूहल — थंडीत पांघरूण देतात का, विचारतानाचं.

“पण शालू, एक सांग. येवढा तगडा गडी, बाईला मारायला नाय म्हनला तो. पहिल्याच फटक्याला कसा बोलंल? मी बी इतका दम धरला होता. तुझ्या वाचन्यात काय सुटलं तर नसंल?”

बघा. त्यांनी दार उघडून धरलं होतं. मला नुसतं म्हणायचं होतं — हो नाना, सुटलं असेल, पुन्हा बघते. खरं तर खोटं बोलण्याचीसुद्धा सोय त्यांनीच करून दिली होती. ‘सुटलं’ म्हणून सुटता आलं असतं.

मी म्हणाले, “नाही नाना. तसंच लिहिलंय.”

का? तेव्हा मी स्वतःला समजावलं, की खरं सांगितलं तर त्यांचा आधार जाईल, लहानूकडे जाणं तुटेल. किती वर्षं मी हे स्वतःला सांगत राहिले! खोट्यानं बघा किती भलं झालं. पण बाकावर बसून ‘तसंच लिहिलंय’ म्हणताना माझ्या मनात लहानू नव्हता, नानाही नव्हते. मनात एवढंच होतं, की मी आता मॅडम आहे, आणि हा माणूस माझं वाचन तपासतोय.

गाडी लागली. नाना खिडकीशी बसले. हात हलवला. मीही हलवला.

नानांची नात, वैशाली, पुढे माझ्याच वर्गात आली. हुशार, कमी बोलणारी. दुसऱ्या वर्षापासून ती माझ्याशी जरा वेगळी वागते आहे असं मला वाटायचं. उद्धट नव्हे, पण शिकवताना ती माझ्याकडे एकटक बघायची, जणू एखादी अवघड बेरीज फळ्यावर मांडली आहे. मी कारण विचारलं नाही. विचारावंसं वाटत नव्हतं.

नाना वारले तेव्हा पुण्यानुमोदनाला मी वसाहतीत गेले. कार्यक्रम झाला, लोक पांगले. वैशाली चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. म्हणाली, मॅडम, एक विचारू का?

कॉलेजच्या ग्रंथालयात तिला ती कादंबरी मिळाली होती. आजोबांच्या तोंडून म्हातारबाचं नाव लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून तिनं ती घरी आणली आणि नानांना वाचून दाखवली. आमच्यासारखीच — डोळ्यांनी इंग्रजी, तोंडानं मराठी. शेवट आला. तिला माझ्या शेवटाची काही कल्पना नव्हती, तिनं जे होतं ते सांगितलं.

मी विचारलं, मग नाना काय म्हणाले?

ती म्हणाली, आधी उठून बसले. मग पुन्हा वाच म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाले, नाय बोलला तर! आणि मॅडम, ते इतके खूश झाले. मला कळेचना. म्हणत होते, मला वाटतच होतं, पहिल्या फटक्याला बोलणारा गडी नव्हे तो. शेजारपाजारच्यांना बोलावून सांगत होते, म्हातारबा नव्हता बोलला.

मी कप खाली ठेवला. नानांना राग नाही आला?

त्यांनी मला एवढंच सांगितलं, वैशाली म्हणाली. “तुझ्या म्याडमला यातलं काय इचारू नको.” म्हणून मी आजवर विचारलं नाही. पण आता ते नाहीत. मॅडम — तुमच्या पुस्तकात वेगळं होतं का?

काय सांगायचं होतं मी तिला? मी म्हणाले, जुनी आवृत्ती होती, आठवत नाही. तिनं मान डोलावली आणि कप उचलून आत गेली. तिला कळलं होतं. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, तिला नक्की कळलं होतं.

जाताना तिनं आणखी एक सांगितलं. शेवट ऐकल्यावर पुढच्याच बाजाराला नाना हरसूलला गेले होते. अंगात ताप होता, वैशालीची आई नको म्हणत होती. पण त्यांचं एकच — लहानूला चुकीचं सांगितलंय, ते नीट केलं पाहिजे.

त्यानंतर मला चैन पडेना. पश्चात्ताप म्हणा, पण खरं सांगू? त्याहून जास्त कुतूहल होतं. काय सांगितलं असेल नानांनी? म्हातारबा बोलला नव्हता, मीच एकटा बोललो — हे त्या पाय मोडलेल्या माणसापुढे बसून कोणी कसं सांगत असेल? आणि त्यानं काय म्हटलं असेल? माझी इतक्या वर्षांची सबब तिथं टांगलेली होती. माझं खोटं निघून गेल्यावर त्या दोघांमधलं काही उरलं की नाही, हे मला बघायचं होतं.

मी हरसूलला गेले, बाजाराच्या दिवशी. लहानूचं नाव विचारत विचारत गेले. घर चढावर होतं. अंगणात तो नागलीची कणसं राखत बसला होता, एक पाय सरळ पसरून. मी म्हणाले, मी किसननानांच्या वसाहतीतली. त्यानं सुनेला पाणी आणायला सांगितलं.

नाना गेल्याचं त्याला कळलं होतं. मी विचारलं, शेवटचे आले होते तेव्हा काय बोलले?

तो म्हणाला, तापानं फणफणला होता. म्हणाला, लहानू, तो पुस्तकातला माणूस बोललाच नव्हता. वाचणारीच्या हातनं पान सुटलं होतं. मी तुला उगीच त्याचं नाव सांगून माझं झाकलं.

वाचणारीच्या हातनं पान सुटलं होतं. नानांनी हे सांगितलं होतं. त्यांना ठाऊक असूनही — ठाऊक होतंच, नाही तर वैशालीला गप्प का बसवलं असतं?

“मग तुम्ही काय म्हणालात?”

लहानूनं कोंबडीला हाकललं. “काय म्हननार. म्हनलं, त्या मानसासाठी मी तुला भाकर घालत व्हतो का? तू आला व्हतास म्हनून घातली.”

म्हणजे माझ्या खोट्याची काही गरज नव्हती. कधीच नव्हती. नाना नुसते गेले असते तरी भाकर मिळाली असती.

सून पाणी देऊन गेली. मग लहानूनं सहज विचारलं, “ती वाचनारी कोन व्हती, तुमच्या वस्तीतली का?”

ओळखून विचारलेला नव्हे, रागाचाही नव्हे — नुसता साधा प्रश्न. माणूस विचारतो तसा. मी त्याच्या पसरलेल्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, “होती एक पोरगी. नंतर शिकून कुठं गेली, ठाऊक नाही.”

तो म्हणाला, असंल. आणि पुन्हा कणसांकडे बघायला लागला. मी चढ उतरून आले.

पान सुटलं नव्हतं. पान माझ्या डोळ्यांसमोर उघडं होतं, आणि त्यावर जे होतं ते मला नीट वाचता येत होतं.